घशाच्या कर्करोगाचे निदान आणि अवस्थानिश्चिती : स्वरयंत्राच्या विशेष संदर्भात

१. विषयाची मर्यादा

'घशाचा कर्करोग' हा शब्दप्रयोग व्यवहारात रूढ असला, तरी शास्त्रीय विवेचनास तो पुरेसा नाही. ज्याला आपण सामान्यपणे घसा म्हणतो, त्यात ग्रसनी आणि स्वरयंत्र अशा दोन भिन्न अवयवांचा समावेश होतो. ग्रसनीचेही तीन भाग पडतात : नाकाच्या मागील नासाग्रसनी, तोंडाच्या मागील मुखग्रसनी आणि स्वरयंत्राच्या मागे व बाजूस असलेली अधोग्रसनी. या सर्व ठिकाणी उद्भवणारे बहुतेक कर्करोग अंतस्त्वचेतील शल्की पेशींपासून होतात, हे खरे. तथापि त्यांची प्रथम लक्षणे, त्यांच्या प्रसाराचे मार्ग आणि त्यांचे भवितव्य ही सारखी नाहीत. म्हणून प्रस्तुत लेखात मुख्यतः स्वरयंत्राच्या कर्करोगाचा विचार करावयाचा असून, ग्रसनीचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे.

रोग्यापुढे बसलेल्या वैद्यास तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावयाची असतात. हा विकार कोणता? तो कोठे उद्भवला? आणि तो कोठवर पसरला आहे? पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरास आपण निदान म्हणतो; तिसऱ्याच्या उत्तरास अवस्थानिश्चिती म्हणतो. या प्रश्नांची साधने निरनिराळी आहेत आणि एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याचे म्हणून वापरले असता अनर्थ ओढवतो. हा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी प्रथम एका सुप्रसिद्ध रोग्याचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

२. इ. स. १८८७ मधील एक निदान

जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज १८८७ च्या जानेवारीत बसला. मार्च महिन्यात बर्लिन येथील प्राध्यापक कार्ल गेरहार्ट यांनी आरशाच्या साहाय्याने तपासणी केली असता डाव्या स्वरतंतूवर एक लहानशी वाढ त्यांना आढळली. ती विद्युत्दाहाने जाळण्याचा प्रयत्न त्यांनी वारंवार केला. परंतु मे महिन्यात वाढ पुन्हा दिसू लागली. इतकेच नव्हे, तर डाव्या स्वरतंतूची हालचालही मंदावल्याचे त्यांच्या निदर्शनास आले. शल्यवैद्य एर्न्स्ट फॉन बेर्गमान यांनी हा कर्करोग असल्याचे मत देऊन बाहेरून स्वरयंत्र उघडून वाढ काढण्याची तयारी केली.

तत्पूर्वी लंडनचे कंठरोगतज्ज्ञ मॉरेल मॅकेन्झी यांना पाचारण करण्यात आले. ते २० मे रोजी बर्लिनला पोहोचले. ऊतकाच्या सूक्ष्मदर्शकी परीक्षेवाचून कर्करोगाचे निदान मान्य करता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी वाढीचे तुकडे काढले आणि ते रुडॉल्फ फिरखो यांच्याकडे पाठविण्यात आले. फिरखो यांना त्यांत कर्करोग आढळला नाही. शस्त्रक्रिया रहित झाली. पुढे नोव्हेंबरमध्ये इटलीतील सान रेमो येथे नवी वाढ दिसून आली व कर्करोगाविषयी शंका उरली नाही. १८८८ च्या ९ फेब्रुवारीस श्वासमार्ग मोकळा ठेवण्यासाठी श्वासनलिकेस छेद द्यावा लागला. ९ मार्च रोजी पिता निवर्तल्याने फ्रेडरिक सम्राट झाले. त्या वेळी त्यांना बोलता येत नव्हते. ९९ दिवसांच्या कारकीर्दीनंतर १५ जून रोजी त्यांचा मृत्यू झाला. शवपरीक्षेत स्वरयंत्राचा कर्करोग सिद्ध झाला.

या प्रकरणातील वाद पुढे राष्ट्राभिमानाच्या पातळीवर गेला व उभय पक्षांनी पुस्तिका छापून एकमेकांवर आरोप केले. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. फिरखो यांचे परीक्षण चुकले, असे म्हणण्यास सबळ आधार नाही. आपल्यापुढे आलेल्या तुकड्यांत काय आहे, हे त्यांनी सांगितले होते. शिवाय या तुकड्यांवरून संपूर्ण विकाराविषयी निश्चित मत देता येणार नाही, ही मर्यादाही त्यांनी आपल्या अहवालात नमूद केली होती. चूक झाली ती हे उत्तर ऐकणाऱ्यांची. 'या तुकड्यात कर्करोग नाही' या विधानाचे 'या स्वरयंत्रात कर्करोग नाही' असे रूपांतर करण्यात आले. दुसरीकडे, स्वरतंतूची मंदावलेली हालचाल हे चिन्ह उघड दिसत असूनही त्याला तुकड्याच्या पुराव्याइतके वजन मिळाले नाही. आज कोणताही अनुभवी कंठतज्ज्ञ या दोहोंपैकी दुसऱ्या गोष्टीने अधिक अस्वस्थ होईल. त्याचे कारण स्वरयंत्राच्या रचनेत आहे.

३. स्वरयंत्राची रचना आणि पहिले लक्षण

स्वरयंत्राचे तीन मजले कल्पिले जातात. मधला मजला स्वरद्वाराचा. त्यात दोन स्वरतंतू असतात. त्याच्या वरच्या भागात, गिळताना श्वासमार्गाचे रक्षण करणारी झडप व तिच्या लगतच्या घड्या येतात. खालचा भाग श्वासनलिकेस जाऊन मिळतो. समोरून या सर्वांवर अवटु-कूर्चेची ढाल आहे. कंठमणी म्हणून हाताला लागतो तो तिचाच उंचवटा होय.

स्वरतंतूंच्या कडा एकमेकींस नीट मिळाल्या, तरच स्वच्छ ध्वनी उमटतो. म्हणून स्वरतंतूवरील अगदी अल्प वाढही आवाजात घोगरेपणा आणते. या ठिकाणचा कर्करोग लवकर 'बोलतो', असे म्हणावयास हरकत नाही. शिवाय स्वरतंतूंत लसीकावाहिन्या अत्यंत विरळ असल्यामुळे प्रारंभीच्या अवस्थेत मानेतील ग्रंथींत प्रसार क्वचितच होतो. वरच्या मजल्याची स्थिती नेमकी उलट आहे. तेथे लसीकावाहिन्यांचे जाळे दाट असून ते दोन्ही बाजूंस पसरलेले असते. आणि आवाज मात्र बराच काळ शाबूत राहतो. त्यामुळे घशात काहीतरी अडकल्याची भावना, गिळताना दुखणे, किंवा मानेत आलेली गाठ हेच प्रथम लक्षण ठरू शकते. अधोग्रसनीच्या कर्करोगाचेही असेच आहे. काही वेळा रोगी केवळ कान दुखत असल्याची तक्रार घेऊन येतो व कान तपासला असता निर्दोष आढळतो. घसा आणि कान यांना एकाच मज्जातंतूच्या शाखा पोहोचतात, म्हणून घशातील वेदना कानात जाणवते. प्रौढ रोग्याच्या एका कानात दुखत असून कानात दोष सापडत नसेल, तर घसा पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे मानू नये.

आवाज बसण्याची कारणे बहुधा निरुपद्रवी असतात, हे सांगणे न लगे. सर्दी, अतिभाषण, आम्लपित्त यांनीही तो बसतो. परंतु तीन-चार आठवड्यांत तो पूर्ववत् न झाल्यास, विशेषतः धूम्रपान किंवा मद्यपान करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत, औषधे बदलत राहण्यापेक्षा स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहणे अगत्याचे आहे. बिडी-सिगारेटचा धूर हे या रोगाचे प्रमुख कारण असून, त्यास मद्याची जोड मिळाली की धोका कितीतरी पटींनी वाढतो.

४. पाहणे, घेणे आणि मोजणे

जिवंत माणसाचे स्वरयंत्र पाहण्याची रीत वैद्यकास एका गायनशिक्षकाने दिली, हे येथे आवर्जून नोंदविण्यासारखे आहे. मान्युएल गार्सिया यांनी १८५४ साली दंतवैद्याचा लहान आरसा घशात धरून व सूर्यप्रकाश परावर्तित करून स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. १८५५ मध्ये त्यांचे निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचले गेले. त्यानंतर व्हिएन्नाचे ट्युर्क व चेरमाक यांनी ही रीत रोगपरीक्षेत आणली. आज आरशाची जागा नाकातून घालावयाच्या लवचीक दुर्बिणीने घेतली आहे. तिच्या साहाय्याने रोगी जागा असताना, बोलत असताना व श्वास घेत असताना स्वरतंतूंची हालचाल पाहता येते. हा लाभ मोठा आहे. कारण भूल दिल्यानंतर हालचालीची खरी परीक्षा करता येत नाही.

दुसरी पायरी ऊतक-परीक्षेची, म्हणजे व्यवहारातील बायॉप्सीची. ही बहुधा रोग्यास पूर्ण भूल देऊन, ताठ नळीतून व सूक्ष्मदर्शकाखाली केली जाते. त्या वेळी वाढीच्या सर्व कडा पाहिल्या जातात आणि घशाच्या अन्य भागांचीही तपासणी होते. धुराने एकच जागा पोळली असेल असे गृहीत धरता येत नाही व दुसरी स्वतंत्र वाढ सापडणे अशक्य नसते. तुकडा कोठून व किती खोल घेतला, याला येथे फार महत्त्व आहे. वाढीचा पृष्ठभाग जाड व शृंगमय झालेला असल्यास वरवरच्या तुकड्यात केवळ जाड झालेली त्वचा दिसते. अमेरिकेतील लॉरेन ॲकरमन यांनी १९४८ मध्ये वर्णिलेला चामखिळीसारखा कर्करोग तर पेशींच्या रूपावरून जवळजवळ निरुपद्रवी भासतो. खालच्या ऊतकाशी असलेला त्याचा संबंध दिसल्याखेरीज तो ओळखता येत नाही. यास्तव ऊतक-परीक्षेत कर्करोग आढळला, तर ते विधान निर्णायक समजावे. आढळला नाही, तर ते विधान त्या तुकड्यापुरते समजावे. दृष्टीस पडणारे रूप आणि सूक्ष्मदर्शकाचा निर्णय यांत विसंगती असेल, तर पुन्हा व अधिक खोल तुकडा घेणे हाच मार्ग होय. १८८७ च्या प्रकरणाचा मुख्य बोध हाच आहे.

मानेत गाठ असल्यास तिच्यातून बारीक सुईने पेशी ओढून तपासतात. गाठ कापून काढण्याची घाई करू नये, असा नियम आहे; कारण मूळ रोग घशात असल्यास अशा छेदाने पुढील शस्त्रक्रियेचे क्षेत्र बिघडते.

तिसरी पायरी प्रतिमाचित्रणाची. दुर्बिणीला पृष्ठभाग दिसतो, खोली दिसत नाही. अर्बुद अवटु-कूर्चेत शिरले आहे काय, स्वरतंतूच्या बाजूच्या मेदयुक्त जागेत पसरले आहे काय, मानेतील न लागणाऱ्या ग्रंथी वाढल्या आहेत काय, या प्रश्नांची उत्तरे सी. टी. स्कॅन व एम. आर. आय. यांवरून मिळतात. दूरच्या प्रसाराचा शोध घेण्यासाठी छातीचे चित्रण करतात व प्रगत रोगात पेट स्कॅनचा उपयोग होतो. चित्रण शक्यतो ऊतक-परीक्षेपूर्वी करावे, असे म्हणतात. तुकडा घेतल्यामुळे येणारी सूज अर्बुदाचाच भाग म्हणून मोजली जाऊ नये, हा त्यातील हेतू आहे.

५. अवस्थेची भाषा

रोगाचा विस्तार मोजण्यास सर्वमान्य भाषा नसेल, तर एका रुग्णालयाच्या निष्कर्षांची दुसऱ्याशी तुलना होऊ शकत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी फ्रान्समधील पिएर देन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात एक पद्धती सिद्ध केली. तीत टी हे अक्षर मूळ अर्बुदासाठी, एन हे लसीकाग्रंथींसाठी आणि एम हे दूरप्रसारासाठी योजिले आहे. कर्करोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघाने तिचा स्वीकार केला आणि १९५८ मध्ये प्रथम ज्या दोन अवयवांच्या कर्करोगांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले, ते स्तन आणि स्वरयंत्र हे होत.

स्वरद्वाराच्या कर्करोगास ही पद्धती कशी लागू होते, ते आठव्या आवृत्तीस अनुसरून पाहू. अर्बुद स्वरतंतूंपुरते मर्यादित असून हालचाल प्राकृत असेल, तर टी१. ते वरच्या वा खालच्या मजल्यात गेले असेल, किंवा स्वरतंतूची हालचाल मंदावली असेल, तर टी२. ते स्वरयंत्राच्या आत असूनही स्वरतंतू पूर्णपणे स्थिर झाला असेल, बाजूच्या मेदयुक्त जागेत प्रसार झाला असेल किंवा अवटु-कूर्चेचा आतील थर खाल्ला गेला असेल, तर टी३. कूर्चेच्या बाहेरच्या थरापार किंवा स्वरयंत्राबाहेरील ऊतकांत प्रसार असल्यास टी४.

येथे एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. पुष्कळ अवयवांच्या बाबतीत टी ही संज्ञा अर्बुदाच्या आकारमानावरून ठरते. स्वरद्वाराच्या बाबतीत सेंटिमीटरचा उल्लेखच नाही. येथे मोजमाप आहे ते हालचालीचे. स्वरतंतू स्थिर होतो, तेव्हा अर्बुदाने त्याखालील स्नायू, त्याला फिरविणारा सांधा किंवा त्याचा मज्जातंतू ग्रासलेला असतो. म्हणजे बिघडलेले कार्य हे न दिसणाऱ्या खोलीचे चिन्ह होय. गेरहार्ट यांना मे १८८७ मध्ये दिसलेली मंद हालचाल आजच्या भाषेत टी२ ची द्योतक ठरली असती.

ग्रंथींचा विचार त्यांची संख्या, बाजू, आकार आणि आवरण यांवरून होतो. अर्बुदाच्या बाजूस ३ सेंटिमीटरपर्यंतची एकच ग्रंथी असल्यास एन१, त्याहून मोठी, अनेक, किंवा दुसऱ्या बाजूची ग्रंथी ६ सेंटिमीटरपर्यंत असल्यास एन२, त्यापलीकडे एन३. रोगाने ग्रंथीचे आवरण फोडून बाहेरील ऊतकांत प्रवेश केल्याची स्पष्ट चिन्हे असतील, तर आकार लहान असला तरी एन३ मानतात.

या तीन अक्षरांच्या संयोगातून अवस्था ठरते. ग्रंथी मुक्त असताना टी१ म्हणजे पहिली, टी२ म्हणजे दुसरी व टी३ म्हणजे तिसरी अवस्था. टी१ ते टी३ यांबरोबर एन१ असल्यासही तिसरी. टी४, एन२, एन३ किंवा दूरप्रसार यांपैकी काहीही असल्यास चौथी. पण चौथीतही उपभेद आहेत आणि ते विसरता कामा नयेत. ग्रंथींमुळे चौथ्या अवस्थेत गणलेला, परंतु दूरप्रसार नसलेला रोगी बरा करण्याच्या उद्देशानेच उपचारास घेतला जातो. 'चौथी अवस्था' म्हणजे 'अखेरची अवस्था' हा लोकांत रूढ असलेला अर्थ येथे लागू पडत नाही. रोग्याशी बोलताना या शब्दाचा उच्चार विवेचनाशिवाय करू नये.

६. अवस्थेवर काय अवलंबून असते

अवस्थानिश्चिती ही केवळ नोंदवहीची सोय नव्हे. पहिल्या व दुसऱ्या अवस्थेत केवळ किरणोपचाराने किंवा तोंडावाटे केलेल्या लेसर शस्त्रक्रियेने रोग बरा होण्याची शक्यता मोठी असते आणि आवाजही राहतो. पुढच्या अवस्थांत प्रश्न बिकट होतो. व्हिएन्ना येथे बिलरोथ यांनी १८७३ च्या अखेरीस कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून जवळजवळ शतकभर प्रगत रोगात जीव वाचविण्यासाठी वाणी द्यावी लागे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतील प्रयोगाने या समजुतीस धक्का दिला. तिसऱ्या व चौथ्या अवस्थेतील ३३२ रोग्यांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटास शस्त्रक्रिया व किरणोपचार, तर दुसऱ्यास प्रथम औषधोपचार व त्यास प्रतिसाद मिळाल्यास किरणोपचार देण्यात आले. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत जगण्याचे प्रमाण ६८ टक्केच होते. मात्र दुसऱ्या गटातील ६४ टक्के रोग्यांचे स्वरयंत्र वाचले होते. त्याचबरोबर टी४ रोग्यांत पुढे स्वरयंत्र काढण्याची वेळ अधिक प्रमाणात आली. म्हणजे टी३ आणि टी४ यांतील भेद, जो एका कूर्चेच्या बाहेरील थराच्या चित्रावर अवलंबून असतो, तोच कोणाची वाणी वाचविण्याचा यत्न करावा याचा एक मोठा निकष ठरतो.

७. अवस्थेच्या मर्यादा

अवस्था ही निसर्गातील वस्तू नसून मनुष्याने केलेली वर्गवारी आहे, याचे भान अभ्यासकाने ठेवले पाहिजे. प्रथमतः, उपचारापूर्वी ठरविलेली अवस्था आणि काढलेल्या अवयवाच्या परीक्षेवरून ठरविलेली अवस्था या वेगळ्या असून त्यांची सरमिसळ करू नये. संशय असल्यास खालचा वर्ग द्यावा, असा संकेत आहे.

दुसरे असे की, साधने सुधारली म्हणजे रोग न बदलता आकडे बदलतात. फाइनस्टाइन व त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या संदर्भात हे दाखवून दिले. पूर्वी न दिसणारा सूक्ष्म प्रसार नव्या चित्रणात दिसू लागला की असे रोगी खालच्या अवस्थेतून वरच्या अवस्थेत गणले जातात. खालच्या गटातून त्यातल्या त्यात वाईट रोगी वजा होतात आणि वरच्या गटात त्यातल्या त्यात बरे रोगी मिळविले जातात. परिणामी दोन्ही गटांचे भवितव्य सुधारल्यासारखे दिसते; प्रत्यक्षात एकही रोगी अधिक जगलेला नसतो. निरनिराळ्या कालखंडांतील आकड्यांची तुलना करणाऱ्या विद्यार्थ्याने हा आभास सदैव ध्यानात ठेवावा.

तिसरी मर्यादा रोगाच्या कारणाशी निगडित आहे. मुखग्रसनीचे काही कर्करोग तंबाखूमुळे नव्हे, तर मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतात. त्यांत मानेतील ग्रंथी लवकर व मोठ्या प्रमाणात वाढतात, तरीही उपचारास ते उत्तम प्रतिसाद देतात. जुन्या वर्गवारीप्रमाणे असे अनेक रोगी चौथ्या अवस्थेत पडत. म्हणून आठव्या आवृत्तीत त्यांच्यासाठी स्वतंत्र कोष्टक करण्यात आले व अर्बुदाच्या पेशींत पी१६ या प्रथिनाची परीक्षा करून कोणते कोष्टक लावावयाचे ते ठरू लागले. टी२ अर्बुद आणि त्याच बाजूस ६ सेंटिमीटरपर्यंतच्या अनेक ग्रंथी, हा एकच विस्तार एका कोष्टकात पहिली अवस्था ठरतो, तर दुसऱ्यात चौथी. मात्र कोष्टक बदलल्याने उपचार आपोआप सौम्य करावयाचे, असे अनुमान त्यावरून निघत नाही. तो स्वतंत्र प्रयोगांचा विषय आहे. स्वरयंत्राच्या कर्करोगास तर हे दुसरे कोष्टक लागूच होत नाही.

८. समारोप

निदान आणि अवस्थानिश्चिती यांतील प्रत्येक साधन एका मर्यादित प्रश्नाचे उत्तर देते. दुर्बीण रूप व हालचाल सांगते, तुकडा पेशींचा स्वभाव सांगतो, चित्रण खोली सांगते. यांपैकी कोणीही दुसऱ्याच्या वतीने बोलू शकत नाही. १८८७ साली बर्लिनमध्ये जमलेले पुरुष आपापल्या विद्येत अग्रगण्य होते. उणीव होती ती त्यांच्या उत्तरांना एकत्र गुंफणाऱ्या सामाईक भाषेची. ती आज आपल्यापाशी आहे. परंतु भाषा कितीही नेमकी असली, तरी तिचा उपयोग रोगी तपासणीस आल्यानंतर सुरू होतो. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कार्य करीत आहे आणि दुर्बीण आज जिल्ह्याच्या गावीही उपलब्ध होऊ शकते. असे असता, महिनाभर बसलेल्या आवाजाकडे दुर्लक्ष होऊन पहिल्या अवस्थेचा रोग तिसरीत जाणे ही शास्त्राच्या मर्यादेची नव्हे, तर आपल्या सावधपणाच्या अभावाची खूण आहे.